सीटीसी नऊ लाख, हातात किती? ऑफर लेटरवरून खरा पगार काढायची रीत

पहिल्या नोकरीचं पत्र आलं तेव्हा मी एकच गणित केलं होतं: ४,२०,००० भागिले १२. उत्तर पस्तीस हजार. त्या पस्तीस हजारांच्या भरवशावर पुण्यात भाड्याची खोली ठरवली, डिपॉझिटसाठी बाबांकडून उसने घेतले आणि दरमहा किती परत करीन तेही सांगून मोकळी झाले. पहिला पूर्ण पगार जमा झाला तो अठ्ठावीस हजार आणि काही शे. आईने फोनवर विचारलं, "मग उरलेले सात हजार कुणी ठेवून घेतले?" मला सांगता आलं नाही. स्लिप समोर होती, पण ती वाचता येत नव्हती.

अलीकडे भाचीला नऊ लाखांची ऑफर आली. फोनवर पहिलं वाक्य, "मावशी, म्हणजे महिना पंच्याहत्तर हजार ना?" मी म्हटलं, ये घरी, वही घेऊन ये. दीड तासाने वहीत आकडा होता ५८,९००. तिचा चेहरा पडला खरा, पण जॉइनिंगच्या आधी पडलेला बरा. त्याच वहीतलं गणित इथे पायरी-पायरीने मांडते आहे.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सीटीसी म्हणजे तुमचा पगार नव्हे, तुम्हाला कामावर ठेवायला कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च. त्यातले काही पैसे तुमच्या स्लिपवर येतच नाहीत. काही येतात, पण दरमहा नाही. काही स्लिपवर येतात आणि तिथेच कापले जातात. हे तीन ढीग वेगळे केले की निम्मं काम झालं.

खालचे कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत आणि व्यवसाय कर महाराष्ट्राचा. कराचे टप्पे दर अर्थसंकल्पात बदलू शकतात, तेव्हा तुमच्या वर्षाचे आकडे एकदा ताडून बघा. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू असल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांकही वेगळे दिसतील. हिशोबाची रीत तीच राहते.

हाताशी काय हवं

- ऑफर लेटर आणि त्याला जोडलेला पगाराचा तक्ता (बहुतेक ठिकाणी याला अनेक्शर म्हणतात)
- पॅन आणि आधार. आधी कुठे नोकरी केली असेल तर यूएएन, म्हणजे पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) कायमचा क्रमांक
- याच आर्थिक वर्षात आधीची नोकरी झाली असेल तर तिथल्या स्लिपा
- जुन्या करप्रणालीत जायचा विचार असेल तर भाडेकरार, भाड्याच्या पावत्या, विम्याचे हप्ते, गृहकर्जाचं व्याज प्रमाणपत्र
- एक्सेल येत असेल तर एक्सेल, नाहीतर वही आणि फोनमधला कॅल्क्युलेटर

नेटवर 'इन-हँड कॅल्क्युलेटर' ढिगाने मिळतात. ते शेवटी पडताळ्याला वापरा. तुमचं बेसिक (मूळ वेतन) किती, कंपनी पीएफ कशावर कापते, व्हेरिएबल (कामगिरीवर ठरणारी रक्कम) आत धरलंय की नाही, हे त्यांना ठाऊक नसतं; ते आपल्या मनाने काहीतरी गृहीत धरतात आणि तेही सांगत नाहीत.

१. तक्ता नसेल तर मागून घ्या

नुसतं "वार्षिक ९,००,००० रुपये" एवढ्यावर काहीही काढता येत नाही. एचआरला एक मेल टाका आणि चारच गोष्टी विचारा: बेसिक किती, पीएफ पूर्ण बेसिकवर कापता की १५,००० च्या मर्यादेवर, कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम) सीटीसीच्या आत आहे का, आणि व्हेरिएबल किती व केव्हा मिळतं. हे विचारण्यात कमीपणा काही नाही. मी नंतर बरीच वर्षं उमेदवारांच्या मुलाखतीही घेतल्या. हे प्रश्न विचारणाऱ्याबद्दल कुणाचं मत वाईट झालेलं पाहिलं नाही.

भाचीच्या पत्रासोबतचा तक्ता असा होता (वार्षिक, रुपयांत):

- बेसिक: ४,२०,०००
- घरभाडे भत्ता: १,६८,०००
- स्पेशल अलाउन्स: १,७१,६००
- कंपनीचा पीएफ हिस्सा: ५०,४००
- ग्रॅच्युइटी: २०,२०२
- गटविम्याचा हप्ता: ९,७९८
- व्हेरिएबल: ६०,०००
- एकूण: ९,००,०००

२. स्लिपवर न येणारे पैसे उडवा

या तक्त्यातल्या तीन ओळी महिन्याचा पगार म्हणून तुमच्या बँकेत कधीच येणार नाहीत.

कंपनीचा पीएफ हिस्सा हा बेसिकच्या (आणि असल्यास महागाई भत्त्याच्या) १२ टक्के. तो तुमचाच पैसा आहे, पण थेट पीएफ खात्यात जातो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के दाखवतात. हा विचित्र आकडा येतो कुठून? वर्षाला १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून: १५ भागिले २६, भागिले १२. हे पैसे कंपनी आज देत नाही, पुढे द्यावे लागतील म्हणून बाजूला धरते. कायम नोकरीत साधारण पाच वर्षं सलग भरल्याशिवाय ग्रॅच्युइटीचा हक्क लागत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या कामगार संहितेनुसार एका वर्षानंतर लागतो. म्हणजे दोन वर्षांत नोकरी बदलायचा बेत असलेल्या कायम कर्मचाऱ्याने ही रक्कम सरळ शून्य धरावी. तिसरा विम्याचा हप्ता. दवाखान्यात जावं लागलं तर कामाचा, पण त्याने दूधवाल्याचं बिल भागत नाही.

भाचीचा हिशोब: ५०,४०० + २०,२०२ + ९,७९८ = ८०,४००. नऊ लाखांतून हे गेले, उरले ८,१९,६००.

३. व्हेरिएबल बाजूला काढा

हे ६०,००० मिळतील, कदाचित. कामगिरी आणि कंपनीचा नफा बघून, वर्षाअखेर किंवा तिमाहीला. पत्रात 'टार्गेट व्हेरिएबल' असं लिहिलेलं असतं. ती शंभर टक्के कामगिरीची रक्कम, हमी नव्हे. महिन्याच्या खर्चात ती धरूच नका. वर्षाच्या मध्यात लागलात तर पहिल्या वर्षी काही महिन्यांपुरतीच मिळते, आणि वाटप व्हायच्या तारखेला तुम्ही राजीनामा दिलेला असेल तर बऱ्याच ठिकाणी मिळतच नाही.

जॉइनिंग बोनसचंही तसंच. तो एकदाच मिळतो, त्यावर कर लागतो, आणि एक-दीड वर्षाच्या आत सोडलंत तर परत मागतात. तो सीटीसीच्या बेरजेत घालून पत्राचा आकडा फुगवलेला असेल, तर पुढच्या वर्षी तुमचा 'पगार' आपोआप कमी होतो. बेरीज स्वतः करून बघा.

४. महिन्याचा ग्रॉस

उरलं काय? बेसिक, घरभाडे भत्ता, स्पेशल अलाउन्स. ४,२०,००० + १,६८,००० + १,७१,६०० = ७,५९,६००. भागिले १२ म्हणजे ६३,३००. हा ग्रॉस, म्हणजे कपातींआधीचा पगार. स्लिपच्या डाव्या बाजूला हाच आकडा दिसणार. भागाकार करायची खरी जागा ही.

यात मील कार्डसारखं काही असेल तर ती रक्कम ग्रॉसमध्ये दिसते, पण बँकेत न येता कार्डावर येते. भाडं त्यातून देता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा.

५. पीएफ: सगळ्यात मोठी कपात, आणि सगळ्यात जास्त गैरसमज

कंपनी १२ टक्के भरते तसे तुमच्याही पगारातून बेसिकच्या १२ टक्के कापले जातात. भाचीच्या बाबतीत ३५,००० चे १२ टक्के, म्हणजे ४,२००.

इथे नवख्या माणसाला वाटतं की पीएफ दोनदा कापला. एका अर्थी खरंच आहे: सीटीसीकडून पाहिलं तर ४,२०० कंपनीच्या नावाने आणि ४,२०० तुमच्या नावाने, असे महिन्याला ८,४०० पीएफकडे जातात. दोन्ही तुमच्याच खात्यात जमा होतात आणि त्यावर व्याज मिळतं (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के). पैसे बुडाले नाहीत, फक्त आज हातात नाहीत.

आता तो प्रश्न, ज्यासाठी एचआरला मेल टाकायला सांगितलं. कायद्याने पीएफ सक्तीचा आहे तो महिना १५,००० पर्यंतच्या वेतनावर. त्यामुळे काही कंपन्या पूर्ण बेसिकवर कापतात, काही १५,००० वरच, म्हणजे सरसकट १,८००. काही ठिकाणी रुजू होतानाच पर्याय विचारतात. फरक किती पडतो? भाचीचा पीएफ १,८०० वर बांधला असता आणि वाचलेला कंपनीचा हिस्सा स्पेशल अलाउन्समध्ये घातला असता, तर ग्रॉस २,४०० ने वाढून ६५,७०० झाला असता आणि तिची स्वतःची कपातही २,४०० ने कमी. हातात दरमहा ४,८०० जास्त. सीटीसी तीच, नऊ लाख! दोन ऑफरांची तुलना करताना हे न बघता निर्णय घेणारे मी कितीतरी पाहिलेत.

मी स्वतः पूर्ण बेसिकवरचा पीएफ घेते. हातात आलेले पैसे माझ्याने शिल्लक राहत नाहीत, हे मला माझ्याबद्दल कळलं आहे. ज्याच्यावर शैक्षणिक कर्जाचा हप्ता आहे त्याचं गणित वेगळं असू शकतं.

बेसिकबद्दल आणखी थोडं. पूर्वी कंपन्या बेसिक बारीक ठेवून बाकी सगळं भत्त्यांत घालायच्या, म्हणजे पीएफ आणि ग्रॅच्युइटी कमी पडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांतल्या वेतनाच्या व्याख्येनुसार, भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांच्या पुढे गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणून तुमच्या तक्त्यात बेसिक निम्म्याच्या आसपास दिसलं तर बिचकू नका. जुन्या सहकाऱ्याच्या स्लिपशी तुलना मात्र करू नका, त्याचा तक्ता वेगळ्या काळातला असू शकतो.

६. व्यवसाय कर आणि चिल्लर कपाती

व्यवसाय कर, म्हणजेच स्लिपवरचा 'पीटी', हा राज्याचा कर. महाराष्ट्रात पुरुषांना महिना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५, आणि १०,००० च्या वर २०० रुपये. स्त्रियांना एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत माफ, त्याच्या वर २००. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात. का, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला माणशी वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे, आणि अकरा महिन्यांचे २,२०० अधिक ३०० म्हणजे बरोबर २,५००. फेब्रुवारीत शंभर रुपये कमी का आले, म्हणून एचआरच्या खिडकीशी जाऊन उभं राहायची गरज नाही. मी राहिले होते.

महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागतो, तुमच्याकडून ०.७५ टक्के. १८,००० ला १३५ रुपये. त्यात दवाखान्याची सोय मिळते. जून आणि डिसेंबरात काहींच्या स्लिपवर कामगार कल्याण निधीचे २५ रुपये दिसतात. आईवडिलांना कंपनीच्या विम्यात घेतलं तर त्याचा हप्ता तुमच्या पगारातून जातो, आणि तो लहान नसतो. फॉर्मवर टिक करण्याआधी रक्कम बघा.

७. आयकर: महिन्याचा नाही, वर्षाचा काढा

कर महिन्याच्या पगारावर नसतो. कंपनी तुमचं मार्चपर्यंतचं उत्पन्न अंदाजते, त्यावर वर्षाचा कर काढते आणि उरलेल्या महिन्यांत वाटून कापते. हाच टीडीएस.

तुम्ही काही कळवलं नाही तर नवी करप्रणाली लागते. तिचे २०२५-२६ चे टप्पे:

- ४ लाखांपर्यंत: कर नाही
- ४ ते ८ लाख: ५ टक्के
- ८ ते १२ लाख: १० टक्के
- १२ ते १६ लाख: १५ टक्के
- १६ ते २० लाख: २० टक्के
- २० ते २४ लाख: २५ टक्के
- २४ लाखांच्या वर: ३० टक्के

टप्पा बदलला की सगळ्या पगारावर वरचा दर लागतो, हा गैरसमज चांगल्या शिकलेल्या लोकांतही आहे. तसं नसतं. वरचा दर फक्त वरच्या तुकड्याला.

पायरी अशी. वर्षाचा ग्रॉस घ्या, त्यात मिळणारं व्हेरिएबल आणि बोनस मिळवा (खर्चाच्या हिशोबात बाजूला ठेवलेलं व्हेरिएबल करात मात्र आत येतं). त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट वजा करा. हे झालं करपात्र उत्पन्न. ते १२ लाखांपर्यंत असेल तर कलम ८७अ ची सूट ६०,००० पर्यंतचा कर पुसून टाकते, म्हणजे कर शून्य. म्हणून लोक 'पावणेतेरा लाखांपर्यंत टॅक्स नाही' म्हणतात.

भाची: ७,५९,६०० + ६०,००० = ८,१९,६००. वजा ७५,००० = ७,४४,६००. बारा लाखांच्या खूप आत. कर शून्य.

आता कर लागणारं उदाहरण. ग्रॉस १६,७५,००० समजा. वजावटीनंतर सोळा लाख. पहिल्या चार लाखांवर काही नाही, दुसऱ्या चारवर २०,०००, तिसऱ्या चारवर ४०,०००, चौथ्या चारवर ६०,०००. बेरीज १,२०,०००. त्यावर ४ टक्के उपकर, ४,८००. एकूण १,२४,८००, म्हणजे महिना १०,४००.

बारा लाखांच्या किंचित वर गेलात तर? करपात्र उत्पन्न १२,१०,००० झालं तर टप्प्यांप्रमाणे कर ६१,५०० येतो, पण जास्तीची कमाई तर दहाच हजारांची. अशा वेळी कर त्या दहा हजारांपुरताच धरतात, वर उपकराचे ४००. ही सवलत साधारण १२ लाख ७० हजारांच्या आसपास संपते. थोडक्यात, पगारवाढ 'नको, टॅक्स लागेल' म्हणून नाकारायची वेळ येत नाही.

इथला नेहमीचा घोटाळा: लोक ग्रॉसमधून आपला पीएफ आणि पीटी आधी वजा करतात आणि उरलेल्यावर कर लावतात. नव्या प्रणालीत तुमच्या स्वतःच्या पीएफची वजावट नाही, पीटीचीही नाही, घरभाड्याचीही नाही. कर आधी ग्रॉसवर काढायचा, कपाती नंतर. भाड्याच्या पावत्या गोळा करत बसलेल्या एका सहकाऱ्याला मी हे मार्चमध्ये सांगितलं. त्याने त्या पावत्यांवर रेव्हेन्यू स्टॅम्पही चिकटवले होते.

८. जुनी प्रणाली कुणी बघावी

थोडक्याच लोकांनी. जुन्यात टप्पे कडक आहेत: अडीच लाखांपर्यंत शून्य, पाचपर्यंत ५ टक्के, दहापर्यंत २० टक्के, पुढे ३०. प्रमाणित वजावट ५०,०००. बदल्यात पीटी, कलम ८०सी चे, म्हणजे ठरावीक बचत-गुंतवणुकींचे, दीड लाख (तुमचा पीएफ यातच), आरोग्य विमा, राहत्या घराच्या कर्जाचं दोन लाखांपर्यंत व्याज, घरभाडे भत्त्याची सूट, हे सगळं मिळतं.

वरच्या १६,७५,००० च्या माणसाला जुन्या प्रणालीत नव्याइतकाच कर यायला हवा असेल, तर करपात्र उत्पन्न १०,२५,००० वर आणावं लागतं. म्हणजे साडेसहा लाखांच्या वजावटी! प्रमाणित वजावट आणि पीटी धरूनही बाकीचे जवळपास सहा लाख दाखवायला हवेत. ८०सी, गृहकर्ज आणि २५,००० चा विमा मिळून पावणेचार होतात. उरलेले सव्वादोन मुख्यतः घरभाड्यातूनच यावे लागतात, आणि गृहकर्जही आहे, भाडंही भरतोय, अशी माणसं मोजकीच.

घरभाड्याची सूट म्हणजे पूर्ण भत्ता नव्हे. तीन आकडे काढा: मिळालेला भत्ता, भरलेलं भाडं वजा बेसिकच्या १० टक्के, आणि बेसिकच्या ५० टक्के (मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई) किंवा ४० टक्के (२०२५-२६ साठी बाकी सगळीकडे, म्हणजे पुण्यातही). तिन्हींतला सर्वांत लहान तो तुमचा. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन लागतो. घरमालक पॅन देईल का, हे खोली ठरवतानाच विचारा. चावी हातात पडल्यावर विचारलेल्या प्रश्नाला वेगळं उत्तर मिळतं.

जुनी प्रणाली निवडून वर्षभर कमी टीडीएस कापवून घेतला आणि जानेवारी-फेब्रुवारीत पुरावे दिले नाहीत, तर शेवटच्या एक-दोन पगारांतून सगळा कर एकदम कापतात. मार्चचा पगार अर्धा येतो तो असा. कंपनीला काहीही सांगितलं असलं तरी पगारदार माणसाला मुदतीत विवरणपत्र भरताना प्रणाली बदलता येते, पण तोवर पैसे अडकून पडतात.

९. भाचीचा अंतिम हिशोब, आणि जे महिने वेगळे असतात

ग्रॉस ६३,३००, वजा पीएफ ४,२००, वजा पीटी २००, वजा टीडीएस शून्य. हातात ५८,९००.

हा साधारण महिना झाला. नवख्याची फसगत होते ती असाधारण महिन्यांत.

पहिला महिना: ११ तारखेला रुजू झालात आणि महिना ३० दिवसांचा, तर २० दिवसांचा पगार. ६३,३०० चे ४२,२००, पीएफ त्याच प्रमाणात २,८००, पण पीटी पूर्ण २००. हातात ३९,२००. महिन्याच्या शेवटी-शेवटी लागलात तर पगाराची यादी आधीच बंद झालेली असते, आणि तुमचे ते दिवस पुढच्या महिन्यात धरतात. पहिले चाळीस-पंचेचाळीस दिवस एकही रुपया येणार नाही असं धरूनच शहरात उतरा.

पहिला एप्रिल: हे फार कमी लोक आधी सांगतात. वार्षिक ग्रॉस १६,७५,००० आहे आणि तुम्ही पहिल्याच नोकरीला ऑक्टोबरात लागलात. मार्चपर्यंत सहाच महिने, उत्पन्न ८,३७,५००. कर शून्य, टीडीएस शून्य. सहा महिने तुम्ही त्याच रकमेला पगार समजता. एप्रिलला नवं वर्ष सुरू होतं, बारा महिन्यांचं उत्पन्न धरलं जातं आणि पगार १०,४०० ने खाली येतो. कुणी चूक केलेली नसते. तुम्ही तेवढ्यात बाइकचा हप्ता घेतलेला असतो.

वर्षाच्या मध्यात नोकरी बदलली तर: पहिल्या कंपनीने सहा महिन्यांत ८ लाख दिले, दुसरीनेही ८ लाख. पहिली वर्षभराचा अंदाज धरून आपल्या सहा महिन्यांपुरता कर कापते, पण दुसरीला वाटतं, आपल्याकडचं एवढंच उत्पन्न, आणि ती काहीच कापत नाही. पण वर्षाचे १६ लाख झाले. वजावटीनंतर १५,२५,०००, कर उपकरासह १,१३,१००. विवरणपत्र भरायला बसलात की यातली न कापलेली रक्कम व्याजासह समोर येते. नव्या कंपनीला रुजू होतानाच आधीचं उत्पन्न कळवा. २०२५-२६ पर्यंत त्याला फॉर्म १२ब होता. टीडीएस जास्त कापला जाईल, वाईट वाटेल, पण जुलैत कर्ज काढावं लागणार नाही.

बिनपगारी रजा घेतली तर त्या दिवसांचा पूर्ण ग्रॉस जातो, नुसतं बेसिक नव्हे. भाचीचा एक दिवस म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात २,११०.

१०. पहिली पूर्ण स्लिप आली की

वहीतला हिशोब उघडा आणि ओळीने ताडा. आधी डावी बाजू: ग्रॉस जुळतो का. मग पीएफ: बेसिकला ०.१२ ने गुणा. मग पीटी. मग टीडीएस, तो तुमच्या आकड्याहून बराच वेगळा असेल तर पहिला संशय प्रणालीवर घ्या, कंपनीने जुनी लावली की नवी. दुसरा पॅनवर. कंपनीच्या नोंदीत पॅन नसेल किंवा चुकला असेल तर कर २० टक्क्यांच्या दराने कापला जाऊ शकतो.

स्लिपवर कापलेले पैसे खरोखर भरले गेले का, हे वेगळं बघावं लागतं. पीएफसाठी यूएएनने पासबुक उघडा. मागच्या महिन्याची रक्कम साधारण पुढच्या महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत तिथे दिसायला हवी. पासबुकात पेन्शनचा रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका: १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा सभासद झालेल्या आणि १५,००० हून जास्त वेतन असलेल्यांचा कंपनीचा हिस्सा पेन्शनमध्ये जात नाही, सगळा पीएफमध्येच जातो. टीडीएससाठी आयकराच्या संकेतस्थळावर २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा, बघा. तिथे नोंद तिमाहीचं विवरणपत्र कंपनीने भरल्यावरच येते, त्यामुळे एप्रिल ते जूनची कपात ऑगस्टच्या आसपास शोधा.

काही चुकलेलं सापडलं तर तोंडी सांगू नका. स्लिप जोडून, ओळ नमूद करून, मेल करा आणि त्याच महिन्यात करा. मार्च उलटल्यावर दुरुस्ती कंपनीच्या हातातून सुटते आणि विवरणपत्रात येऊन बसते. भाचीच्या पहिल्या स्लिपवर विम्याच्या नावाने ८१७ कापले होते. तक्त्यातल्या ९,७९८ ना बारांनी भागलं की ८१६.५०, म्हणजे हाच आकडा येतो: सीटीसीत धरलेला हप्ता पुन्हा पगारातूनही गेला होता. तिने तक्त्याची ती ओळ अधोरेखित करून मेल केला. पुढच्या महिन्यात खात्यात ५९,७१७ आले.